खडूवरची रेघ

ड्रॉप आर्म म्हणजे काय, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. माहीत नसतानाही मी एकदा त्याच्या निर्दोषपणाची लेखी ग्वाही देऊन बसलो होतो, आणि ती ग्वाही माझ्याच घराच्या दारात येऊन उभी राहायला दोन वर्षे लागली. ती हकिकत मी येथे क्रमाने लिहितो. क्रम सोडून लिहिणे माझ्या स्वभावात नाही.

मी अर्जनवीस आहे. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु मजकुराच्या बाबतीत या फाटकाबाहेर माझ्या शब्दाला मान आहे, आणि दोन-तीन नवे वकीलही मसुदा नजरेखालून घालावा म्हणून माझ्याकडे येतात. लिहिलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत मी जपून ठेवतो आणि एका जाड वहीत तिची विषयवार नोंद करतो. जमीन, वारसा, वीज, वाहन अशी त्यात पाने आहेत. शेजारच्या टेबलावरचे लोक या वहीची थट्टा करतात. मी तिकडे लक्ष देत नाही.

आमच्या धंद्याचा एक दंडक आहे. समोर येऊन बसेल त्याचे लिहायचे. सकाळी फिर्यादीचे लिहिले म्हणून दुपारी आरोपीला नाही म्हणता येत नाही. खरे काय ते ठरवणारे आत, पंख्याखाली बसतात. आम्ही बाहेर, झाडाखाली. हा दंडक मला अनेक वर्षे अतिशय न्याय्य वाटत आला होता.

माझा साळा इतवारीतून भांडी घाऊक घेतो आणि आठवडी बाजारांत विकतो. रामटेकच्या पुढे, जंगलाच्या कडेला जी गावे आहेत तिथे लग्नाच्या भांड्यांसाठी लोक त्याची वाट पाहतात, कारण तिथवर दुसरा कोणी जात नाही. वाटेत एक नाला आहे. त्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पावसाळ्यात वाहून गेला, आणि आता नाल्याच्या तळातल्या धोंड्यांवरून चारही चाकांना जोर असलेली गाडीच काय ती पार होते. साळ्याकडे तशी एक जीप आहे. सैन्याच्या लिलावातून कोणी घेतली, त्याच्याकडून कोणी, त्याच्याकडून याने. तिचा मूळ रंग आता फक्त दरवाजांच्या सांध्यात दिसतो. दुकान मांडायला दोन माणसे लागतात, म्हणून बाजाराच्या दिवशी माझी बायको भावासोबत जाते. पुढच्या सीटवर, त्याच्या डाव्या हाताला, मांडीवर तराजूची पेटी घेऊन ती बसते.

दिवाळीच्या सुमारास जीपचे स्टिअरिंग ढिले वाटू लागले. साळा ती कामठीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. मीही बरोबर होतो. हा मिस्त्री म्हातारा माणूस. उमेदीची सगळी वर्षे छावणीच्या वर्कशॉपमध्ये घालवलेला, कमी बोलणारा, आणि माझ्या मते कागदाविषयी काहीसा अनादर बाळगणारा. तो गाडीखाली गेला, साळ्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितले, आणि बाहेर येऊन हात पुसत बसला.

"ड्रॉप आर्मचे दाते खाल्ले गेले," तो म्हणाला. "बदला लागते."

मी विचारले, हा आर्म म्हणजे काय. त्याने मला वाकून पाहायला लावले. स्टिअरिंगच्या पेटीतून खाली लोंबणारा, वीतभर लांबीचा लोखंडी दांडा. वर आपण स्टिअरिंग फिरवले की खाली हा झुलतो, आणि हा झुलला की पुढची चाके वळतात.

"आणि तुटला तर?"

"तं स्टेरिंग तुमच्या हाती अन् गाडी तिच्या मर्जीची."

साळा म्हणाला, "मिस्त्री, भेटन कुठं पन हा?"

"कंपनीनं गाडीच बंद केली, आर्म कोन बनवते? कबाडात पाह. पन भेटला तं पयले माह्याकडे आन. रॉकेल-खडू केल्याशिवाय मी जुना आर्म कोनाच्याच गाडीले चढवत नाई."

ही रॉकेल-खडूची रीत त्याने छावणीत उचललेली. जुना भाग घासून उघडा करायचा, रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, मग कोरडा पुसून त्यावर खडू फासायचा आणि स्वस्थ बसायचे. लोखंड धड असेल तर खडू पांढराच राहतो. डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू परत बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मला ती रीत अडाण्यांची वाटली. तसे मी बोललो नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मी आर्म शोधण्यात घालवले. साळ्याला दुकानदार दाद देत नाहीत आणि मला देतात, अशी माझी समजूत होती. मी त्या भागाचे वर्णन एका कागदावर तीन परिच्छेदांत लिहून काढले, लांबी, जाडी, दात्यांची संख्या यांसह, आणि सुट्या भागांच्या दुकानांच्या ओळीत एकेका गल्ल्यावर तो कागद ठेवत गेलो. जुना आर्म नमुना म्हणून सोबत न्यावा असे साळ्याचे म्हणणे होते. पण तो काढला तर गाडी उभी राहिली असती, आणि माझ्या वर्णनात काही कमी आहे असे मला वाटत नव्हते.

पहिल्या दुकानदाराने कागद शेवटपर्यंत वाचला. "मुन्शीजी, हा अर्ज कोनाच्या नावानं हाय? आर्म मंजूर करावा म्हनून?"

त्याच्या गल्ल्यावरचा नोकर हसला. दुसऱ्याने वेगळ्याच गाडीचा नवा आर्म पुढे केला. थोडा घासला की बसेल म्हणाला. तिसऱ्याने धूळ खात पडलेली एक पेटी उघडून दाखवली, तिच्यात फक्त नट होते. धरमपेठेत एका हौशी माणसाकडे अशीच गाडी आहे असे कळले म्हणून तिथेही गेलो. त्याची गाडी आच्छादनाखाली झोपवलेली होती. तो म्हणाला, "मी स्वतःच सहा महिन्यांपासून शोधतो आहे. तुम्हाला दोन मिळाले तर एक मला सांगा."

अखेर शहराच्या उत्तर टोकाला, एका भंगाराच्या आवारात तो मिळाला. आवार मोठे होते. गाड्या एकावर एक रचलेल्या, काहींची तोंडे चेपलेली. मागच्या भिंतीला लागून एक जीप उभी होती, साळ्याच्या जीपची सख्खी बहीण म्हणावी अशी. तिचा डावा अर्धा भाग जागेवर नव्हता. उजव्या दाराच्या कडीला एक गमछा बांधलेला होता, उन्हाने पांढरा पडलेला. भंगारवाला तिच्या बाजूला न पाहता आत गेला आणि फळीवरून आर्म घेऊन आला. आर्म काळ्या रंगाने रंगवला होता. रंगाचा वास ताजा होता.

"घेऊन जा साहेब. टनाटन माल हाय."

मी त्याला सांगितले की तोंडी बोलण्याला माझ्याकडे किंमत नाही. पिशवीतून मुद्रांक काढला, त्याच्याच खाटेवर बसून हमीपत्राचा मसुदा केला. पाच कलमे. सदर भाग कोणत्याही दोषापासून मुक्त आहे, वगैरे. तिसऱ्या कलमात, हा भाग कोणत्या वाहनातून काढला त्याचा नोंदणी क्रमांक. त्याने वही उलगडून क्रमांक सांगितला, मी लिहिला. लिहिताना हाताला काहीतरी वाटले, जसे ओळखीच्या माणसाची पाठ गर्दीत दिसावी. पण मी चौथ्या कलमाच्या शब्दांत गुंतलो होतो.

भंगारवाला सही करताना हसत होता. "आजवर असं कोनी माह्याकडून लिहून नाई घेतलं. भंगाराची ग्यारंटी. लिहा साहेब. कागद तुमचा, शाई तुमची, मले काय?"

आर्म घेऊन साळा आणि मी कामठीला गेलो तर मिस्त्री नव्हता. भावाच्या तेरवीला गावी गेला होता. परवा येणार होता. बाजार उद्याचा होता, आणि तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला. साळा आर्म हातात घेऊन चौकात उभा राहिला.

"भाऊजी, थांबतो मी. मिस्त्री म्हने रॉकेल-खडू करा."

"मिस्त्रीचे ज्ञान अनुभवाचे आहे, मी नाकारत नाही," मी म्हणालो. "परंतु येथे लेखी हमी आहे. पाच कलमी. भाग सदोष निघाला तर त्या माणसाला मी कचेरीत उभा करीन."

"निघाला तं मी उभा राहीन का पन?"

तो हसूनच बोलला होता. मीही हसलो. सडकेच्या कडेला एका फिटरने तासाभरात आर्म चढवला. फिटरनेही एकदा विचारले, "रंग काहून लावला बे यावर?" साळ्याने माझ्याकडे पाहिले. मी हमीपत्राची घडी खिशावर थोपटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दोघे निघाले. बायको तराजूची पेटी मांडीवर घेऊन बसली. ती म्हणाली, "जेवन झाकून ठेवलं हाय. गरम करून खाजा, नाई तं तसंच खाल."

दहा वाजता मी टेबल मांडले. गिऱ्हाईक नव्हते. नेहमीप्रमाणे मी आदल्या दिवशीच्या कागदाची नोंद करायला जाड वही उघडली, वाहन हे पान काढले आणि हमीपत्रावरून क्रमांक उतरवून घेतला. उतरवून झाल्यावर नजर वर गेली. त्याच पानावर, वरच्या बाजूला, तोच क्रमांक दोनदा लिहिलेला होता. अक्षर माझे.

मी गठ्ठा सोडला. दोन्ही प्रती मिळाल्या.

पहिली एका बाईच्या अर्जाची होती. तिचा नवरा एका मालकाकडे जीपवर चालक होता; उतारावर गाडी झाडावर गेली आणि तो मेला. मला ती बाई आठवली. कामठीहून आली होती, विणकरांच्या वस्तीतली. ती माझ्यासमोर मातीत बसली होती, बाकावर बस म्हटले तरी बसली नाही. तिने सांगितलेले मी लिहीत गेलो. मग ती म्हणाली होती, "आठ दिवसांपासून थे म्हनत होते, स्टेरिंग हाती राहत नाई. मालकाले सांगतलं तं मालक म्हने, चालव अजून."

ते वाक्य मी लिहिले नव्हते. ऐकीव बाब आहे, पुरावा नाही, अर्जाला बाधा येते, असे मी तिला समजावून सांगितले होते. ती दोनदा म्हणाली होती, "लिवा ना जी." मी तिला म्हटले होते, बाई, अर्ज सुटसुटीत असावा.

दुसरी प्रत त्याच आठवड्यातली, मालकाच्या उत्तराची. त्यात माझे एक वाक्य होते. ते वाक्य मी जुळवले तेव्हा मला इतके आवडले होते की शेजारच्या टेबलांनीही ते उचलले आणि आजही वापरतात. 'सदर वाहन यांत्रिकदृष्ट्या पूर्णतः निर्दोष असून, अपघात केवळ मयत चालकाच्या हयगयीमुळे घडला आहे.'

वाहन मी पाहिले नव्हते. यंत्र मला कळत नव्हते. आणि त्या वाहनाचा ड्रॉप आर्म या घटकेला माझ्या बायकोच्या पायांपुढे, पत्र्याखाली झुलत होता.

मी साळ्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. बायकोला लावला. तेच. अकरा वाजता मिस्त्रीचा लागला. तो ठरल्याच्या एक दिवस आधीच, नुकताच गावाहून आला होता. मी सगळे क्रमाने सांगू लागलो. त्याने मध्येच तोडले.

"खडू केला का?"

"नाही."

तो "या," म्हणाला.

शेअर ऑटोने कामठी, तिथून दोघे बसने. बसमध्ये तो म्हणाला, "जाताना काई होनार नाई. चढ हाय, गाडी भरलेली हाय, हळू जाईन. येताना उतार अन् गाडी हलकी. हलकी गाडी मानूस पळवते. मोडावर स्टेरिंग झटक्यानं मारा लागते. झाला तं तिथं घात होईन."

फाट्यावर उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. फाट्यावर चहाची एक टपरी आहे, तिच्या मागे नाला, नाल्यापलीकडे टेकडी. टेकडीवरून उतरणारा रस्ता टपरीतून दिसतो. मध्यावर एक मोड आहे, तिथे तो सागाच्या झाडांआड जातो आणि खाली पुन्हा निघतो. बाजाराचे गाव टेकडीपलीकडे, पायी दोन तासांवर. मिस्त्रीचा गुडघा धरलेला. मी एकटा निघालो असतो तरी ते लोक उतरायला लागायच्या वेळी फार तर त्या मोडापर्यंत पोचलो असतो.

एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडायच्या बेतात होता. बाजारालाच चालला होता. मी त्याला थांबवले, खिशातून कागद काढला, टपरीच्या फळीवर ठेवला. माझा हात सवयीने 'महोदय' कडे गेला. मग मी फक्त एवढे लिहिले: 'गाडी चालवू नका. आर्म खराब आहे.' खाली सही केली नाही. सव्वीस वर्षांत इतका लहान कागद मी कधी लिहिला नव्हता. भांडीवाल्याला दाखव, असे त्या माणसाला तीनदा सांगितले.

"समजलं जी," तो म्हणाला. "मी काई बयरा नाई."

मग आम्ही बसलो. टपरीवाल्याने दोनदा चहा दिला. मिस्त्रीने रस्त्याकडे पाठ केली होती आणि तो काडीने दात कोरत होता. मला त्याचा राग आला, पण तो मुद्दामच तिकडे पाहणे टाळत होता हे नंतर कळले. चार वाजले. साडेचार. बाजार मोडला की आधी बैलगाड्या येतात, त्या आल्या. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन नाला उतरून गेल्या. त्यांतल्या एकीला मी विचारले, भांड्याची गाडी निघाली काय. ती म्हणाली, "बांधाबांध चालू होती बाप्पा." सायकलवाला भेटला का, तर तिला माहीत नव्हते. ऊन टेकडीच्या मागे गेले आणि सागाची पाने एकदम काळी दिसू लागली.

आवाज आधी आला. जुन्या इंजिनाचा तो खोकल्यासारखा आवाज मी कुठेही ओळखीन. मिस्त्री उठला. टेकडीच्या माथ्यावर जीप दिसली, लहानशी, आणि उतरू लागली. म्हणजे कागद पोचला नव्हता. मी नाल्यात शिरलो. पाणी घोट्यावर आले तेव्हा मिस्त्रीने मागून माझा सदरा धरला.

"थांबा. आवाज ऐका."

"काय?"

"लो गियरमंदी हाय."

जीप मोडाला पोचली आणि झाडांआड गेली. इंजिनाचा आवाज तसाच, न वाढता, न थांबता येत राहिला. मी तेवढ्या वेळात काय काय मनात आणले ते लिहिणार नाही. मग मोडाच्या खालच्या अंगाला, झाडांतून, प्रथम एक आकृती निघाली. चालत. डोक्यावर पदर, कडेला तराजूची पेटी. माझी बायको रस्त्याच्या मधोमध चालत होती, आणि तिच्या मागे वीस पावलांवर, बैलाच्या चालीने, जीप येत होती.

जीप नाला पार करून टपरीपाशी थांबली. साळा खाली उतरला तेव्हा घामाने भिजला होता.

"भाऊजी, तुमचा कागद पाहून हसलोच मी. म्हटलं हळूहळू जाऊ. पन हे ताई आयकतच नाई."

बायकोने पेटी टपरीच्या बाकावर ठेवली. "याईले चार ओळी लिवाच्या असल्या तं चार पानं लागते," ती मिस्त्रीला म्हणाली. "दोनच ओळी पाह्यल्या, मंग मीच म्हटलं का काई तरी हाय. मी गाडीत बसत नाई म्हटलं. पुढं चालतो, अन् तू माह्या मांगं ये. मले चिरडाचं नसन तं हळूच येशीन."

मिस्त्री तोवर गाडीखाली गेला होता. आर्म काढायला वेळ लागला. टपरीवाल्याने स्टोव्हचे रॉकेल दिले, आणि ज्या खडूने तो फळीवर भाव लिहितो तो खडू. मिस्त्रीने कानशीने रंग घासून काढला, आर्म रॉकेलच्या डब्यात ठेवला, एक विडी ओढून संपवली, मग आर्म आपल्या धोतराने कोरडा पुसून त्यावर खडू फासला आणि बाकावर ठेवला. आम्ही चौघे भोवती उभे राहिलो. टपरीचा दिवा लागला होता. आर्म पांढराशुभ्र होता, आणि बराच वेळ पांढराच राहिला. मला वाटले, माझे वाक्य खरे ठरते की काय. मी तसे इच्छिलेही, हे कबूल करतो.

मग मानेपाशी, जिथे तो पेटीत बसतो तिथे, केसाएवढी रेघ उमटली. ती वाढत गेली. थांबली तेव्हा तिने मानेला अर्ध्याहून अधिक वेढा घातला होता.

साळा बाकावर बसला. जीप टपरीवाल्याच्या हवाली करून आम्ही बसने परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी कामठीला गेलो. मिस्त्रीने आर्म शिकंज्यात धरला आणि घणाच्या एका घावाने तोडला. तुटलेले तोंड त्याने मला उजेडात दाखवले. एका बाजूला लोखंड चांदीसारखे, दाणेदार. दुसरी बाजू काळपट तपकिरी, आणि तिच्यावर पाण्याच्या लाटांसारख्या बारीक, एकामागून एक ओळी.

"पांढरं ते माह्या घनाचं," तो म्हणाला. "हे काळं पाह्यलं? एका दनक्याचं नाई हे. एका दनक्याचं असतं तं दाना दिसला असता. हे दिवसादिवसानं चिरत गेलं. चालवनाऱ्याले हाताले समजत असन."

"आठ दिवस आधी?"

"आठ काय, महिनाभर. मान अशी चिरली का जोराच्या वळनावर दाते घसरते, आर्म तुटाच लागत नाई."

मग मी त्या बाईच्या घरी गेलो. पत्ता माझ्याच प्रतीवर होता. यंत्रमागांच्या आवाजाने गल्ली हलत होती. ती दारात बसून बॉबिन भरत होती. तिने मला ओळखले. तिचा अर्ज केव्हाच निकाली निघाला होता: चालकाची हयगय, सबब भरपाई नामंजूर. मी तिला सगळे सांगितले. क्रमाने सांगितले, मात्र थोडक्यात. दारावरच्या गमछ्याचे सांगितले नाही. पिशवीतून आर्मचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांत घेतला, तोलून पाहिला.

"एवढासाच होता का?" ती म्हणाली.

मागाचा आवाज चालू होता. मग ती म्हणाली, "मी तं तवाच सांगतलं होतं तुमाले."

"हो."

"तुमाले पुरावा पायजे होता."

मी कागद काढला. फेरविचाराचा अर्ज लिहितो म्हणालो, आणि त्यात मी स्वतः साक्षीदार राहीन. या वेळी ती जसे म्हणेल तसेच लिहीन. तिने ते वाक्य पुन्हा सांगितले, अगदी त्याच शब्दांत, जणू दोन वर्षे तोंडात धरून ठेवलेले. मी ते शब्द न बदलता लिहिले. तिने अंगठा नव्हे, सही केली. तिला सही येते हे मला ठाऊक नव्हते. तुकडा तिने परत दिला. म्हणाली, "ठेवा तुमच्यापाशी. माह्याजवळ असला तं कोनी म्हनन, कुठून तरी आनला."

जाता जाता मी भंगाराच्या आवारात गेलो. मागच्या भिंतीशी आता ती जीप नव्हती. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा होता. बाकीचे भाग कुठे गेले, विचारले. भंगारवाल्याने खांदे उडवले. "ज्याले जे लागलं ते नेलं, साहेब. एक्सल एकानं नेला, पेटी एकानं. नावं कोन इचारते? तुमच्यासारखा लिहून घेनारा एकच."

अर्ज दाखल करून आठवडा झाला असेल. मी टेबलावर बसलो होतो. आर्मचा तुकडा समोर कागदांवर ठेवला होता, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. दुपारी एक माणूस येऊन शेजारच्या टेबलावर बसला. मी त्याला ओळखले. तो त्या जीपचा मालक होता. त्याने मला ओळखले नाही, किंवा ओळखून दाखवले नाही. त्याला अर्जाची नोटीस मिळाली होती, आणि तो शेजाऱ्याला हलक्या आवाजात सगळे समजावून सांगत होता. शेजारी मान डोलावत होता. तो चांगला माणूस आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच लिहिली. समोर बसेल त्याचे तो लिहितो.

त्याने कोरा कागद घेतला, पेनाचे टोपण काढले, आणि माझ्याकडे वळून पाहिले. मला वाटले तो काही विचारणार. पण विचारण्याची गरज नव्हती. ते वाक्य त्याला पाठ होते. तो लिहू लागला, आणि लिहिताना नेहमीप्रमाणे पुटपुटत होता.

"सदर वाहन," तो म्हणाला, "यांत्रिकदृष्ट्या..."

मी आर्मचा तुकडा उचलला आणि त्याच्या टेबलावर, त्याच्या कागदाच्या कडेला, तुटलेले तोंड वर करून ठेवला. पेन थांबले. मालकाने तुकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आता त्याने मला ओळखले होते.

शेजारी म्हणाला, "हे काय हाय गा?"

"वाचून पाहा," मी म्हणालो.